हरळीची तहान

नाशिकच्या गंगापूर रस्त्यालगतच्या आमच्या वसाहतीचे चिटणीसपद दुसरे कोणी पत्करीना म्हणून ज्या दिवशी माझ्या गळ्यात पडले, त्या दिवशी वसाहतीचे दप्तर, दोन शिक्के, थकबाकीदारांची यादी, ‘हिरवळीवर चालू नये’ अशी एक लोखंडी पाटी आणि त्या पाटीमागची दोन गुंठ्यांची हिरवळ एवढी चल व अचल मालमत्ता रीतसर माझ्या ताब्यात आली. दप्तर आणि शिक्के निरुपद्रवी होते, थकबाकीदारांशीही मी कसेबसे जमवून घेतले. परंतु चैत्र सरून वैशाख लागताच या हिरवळीने माझी झोप उडविली. टाकीतले पाणी दुपारपर्यंत पुरत नाही म्हणून तिसऱ्या मजल्याच्या तक्रारी, गवत पिवळे पडू लागले म्हणून तळमजल्याचे अर्ज, आणि या दोहोंच्या मध्ये रबरी नळी हातात धरून रोज सकाळी तीन तास निर्विकार मुद्रेने उभा असलेला आमचा माळी, अशा त्रांगड्यात मी सापडलो.

सुदैवाने आमच्या वसाहतीत दोन निवृत्त गृहस्थ असे आहेत की, पंचांगातील तिथी सोडली तर कोणत्याही विषयावर त्यांचे एकमत झाल्याचे आजवर ऐकिवात नाही. आणि ज्याला निर्णय घ्यायचा असतो, त्याला एकमत झालेल्या दहा सल्लागारांपेक्षा असे दोघे अधिक उपयोगी पडतात. दादासाहेबांची सारी हयात पाटबंधारे खात्यात मोजमापे घेण्यात गेली. कालव्याचा विसर्ग, धरणाची पातळी, बाष्पीभवनाचा आकडा यांच्याशी त्यांचा जेवढा घरोबा, तेवढा आप्तेष्टांशीही नसेल. मास्तर मूळचे येवले तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचे. बत्तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवून ते निवृत्त झाले, पण पालखेडच्या कालव्याला आवर्तन सुटले की नाही, हे आधी पाहिल्यावाचून आजही त्यांना वर्तमानपत्राचा मथळा वाचवत नाही. एका सकाळी हे दोघे कडुनिंबाखालच्या बाकावर बसले असता मी माझी कैफियत त्यांच्यापुढे मांडली.

मास्तरांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. “चिटणीस, यात विचार करण्याजोगे आहे तरी काय? नळ बंद करा. ज्या जिल्ह्याच्या एका टोकाला, इगतपुरीला, एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि दुसऱ्या टोकाला येवले-नांदगावकडच्या बायका वैशाखात टँकरच्या भोंग्याकडे कान लावून बसतात, त्या जिल्ह्यात जे माणसाला खाता येत नाही, जनावरापुढे टाकता येत नाही, आणि ज्यावर पाऊल ठेवू नये म्हणून पाटी लावावी लागते, त्या गवतावर पिण्याचे पाणी ओतणे याला मी शोभा म्हणत नाही, शिरजोरी म्हणतो.”

“मास्तर,” दादासाहेब शांतपणे म्हणाले, “शिक्षा फर्मावण्यापूर्वी आरोपीचे नावगाव तरी विचारा. चिटणीस, हे गवत कोणते?”

मी दप्तरातील जुनी पावती आठवून सांगितले, “सिलेक्शन नंबर वन लॉन.”

“हे झाले रोपवाटिकेच्या पावतीवरचे नाव. तेथे मेक्सिकन मिळते, पास्पालम मिळते, सावलीत वाढणारे रुंद पानांचेही मिळते, परंतु आपल्या दारातले हे गवत ज्या कुळातून निवडून काढले, त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात, इंग्रज बर्म्युडा म्हणतात, गणपतीच्या पूजेला बसलेला भटजी दूर्वा म्हणतो, आणि मास्तरांच्या गावी—”

“हरळी!” मास्तर एकदम उद्गारले, आणि जुन्या सावकाराचे नाव कानी पडताच कुळाच्या चेहऱ्यावर जी छटा उमटत असेल, ती त्यांच्या चेहऱ्यावर उमटली. “हे मखमलीसारखे मऊ म्हणून पैसे देऊन आणलेले गवत म्हणजे हरळी?”

“तीच. फक्त बारीक पानांची आणि आखूड पेरांची निवडलेली. ऊस, मका, ज्वारी, बाजरी आणि ही हरळी यांची एका बाबतीत भाऊबंदकी आहे. वनस्पतीला हवेतला कार्बन हवा असेल तर पानावरची सूक्ष्म रंध्रे उघडावी लागतात, आणि रंध्रे उघडली की आतले पाणी वाफ होऊन निसटते. गव्हाला किंवा विलायतेतल्या थंड हवेच्या गवताला हा आतबट्ट्याचा व्यवहार दिवसभर करावा लागतो. उष्ण देशांतल्या या गवतांनी मात्र अशी युक्ती साधली आहे की, रंध्रे जेमतेम किलकिली ठेवूनही आत शिरलेला कार्बन पानाच्या शिरांभोवतीच्या पेशींत कोंडून घ्यावा आणि थोड्या पाण्यावर अधिक अंग धरावे. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली उसाच्या पानांवरून या युक्तीचा उलगडा केला. परंतु तिचा परिणाम त्याच्या सुमारे अर्धशतक आधीच अमेरिकेत ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी कुंड्या तोलून दाखविला होता. एक किलो सुके अंग घडवायला ज्वारी-बाजरीच्या जातीला ३०० किलोच्या आसपास पाणी लागले, तर गव्हाला ५००च्या आसपास. तेव्हा ज्याला तुम्ही उधळ्या म्हणता, तो जातीचा काटकसरी आहे.”

“काटकसरी?” मास्तरांनी नळीकडे बोट दाखविले. “तुमचा काटकसरी गृहस्थ रोज तीन तास जेवतो आहे!”

“तो जेवत नाही, त्याला वाढले जात आहे,” दादासाहेब म्हणाले आणि उठले.

पुढील पाच मिनिटांत जे घडले, ते वसाहतीच्या इतिहासात पूर्वी कधी घडले नव्हते. कारण तोवर आमच्या हिरवळीच्या पाण्याविषयी पुष्कळ बोलले गेले होते, पण ते कोणी मोजले नव्हते. दादासाहेबांनी माळ्याकडून नळी घेतली, जिन्याखालची पंधरा लिटरची बादली मागविली, नळीचे तोंड तिच्यात सोडले आणि मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ नेले. बादलीच्या बुडावर पाण्याचा प्रथम उठलेला पोकळ आवाज हळूहळू भरीव होत गेला, काठाशी फेस आला, आणि पाणी काठावरून ओसंडले त्या क्षणी त्यांनी मान वर केली. “बरोबर एक मिनिट. म्हणजे तासाला नऊशे लिटर, तीन तासांचे सत्तावीसशे.” मग नळी माळ्याच्या हाती परत देऊन त्यांनी हिरवळीच्या कडेचा एक झुबका उपटला. त्याच्या खाली वीतभर मुळे असतील अशी माझी अपेक्षा. निघाली ती दोन बोटांची, पांढरी, केसांसारखी, आणि तीही वरच्या ओल्या थरातच आडवी पसरलेली.

“हे पाहा. रोज दारी भाकरी येत असेल तर पोरगा कशाला घराबाहेर पडेल? याच हरळीची मुळे चांगल्या खोल जमिनीत हातभर नव्हे, पुरुषभर जाऊ शकतात. येथे आधीच मुरुमावर चार बोटे तांबडी माती टाकलेली, त्यात रोज वरवरचे शिंपण. मुळांनी खाली जायचे ते कोणत्या आशेने? आता हिशेब ऐका. जमिनीच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी उभे करायला एक लिटर पाणी लागते, हे सूत्र एकदा ध्यानात धरले की बाकी सारे तोंडी होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ साली पिकांची पाण्याची गरज काढण्याचा जो मानदंड मुक्रर केला, तो म्हणजे बारा सेंटीमीटर उंचीचे, पाण्याची ददात नसलेले, सलग हिरवे गवत. द्राक्ष असो, कांदा असो की ऊस, सर्वांची गरज या कल्पित गवताच्या प्रमाणात सांगतात.”

“म्हणजे मोजपट्टीच तहानलेली!” मास्तर उद्गारले.

“मोजपट्टी तृप्त आहे, म्हणून तर ती मोजपट्टी. कोरड्या वैशाखात असे गवत दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडविते असे धरू. थंड प्रदेशातल्या हिरवळीला त्याच्या ऐंशी टक्के पाणी लागते, आपल्या उष्ण ऋतूतल्या हिरवळीला साठ टक्के पुरते, म्हणजे ३.६ मिलिमीटर. दोन गुंठे म्हणजे २०२ चौरस मीटर. गुणाकार केला तर दिवसाला सुमारे ७३० लिटर. माळी देतो सत्तावीसशे. वरचे दोन हजार लिटर जातात कोठे, ते त्या कडेला पाहा.” आम्ही पाहिले. फरशीच्या सांध्यातून एक बारीक ओघळ निघून, मास्तरांच्या चपलेला वळसा घालून, फाटकाबाहेरच्या गटाराकडे चालला होता.

मास्तर काही वेळ त्या ओघळाकडे पाहत राहिले. “सातशे तीस लिटर म्हणजे तरी थोडे झाले काय? शहरात माणशी रोज १३५ लिटर पाण्याचे प्रमाण धरतात. तुमच्या काटकसरी गवताच्या पोटात रोज पाचांहून अधिक माणसांचे पाणी जाते. आणि हे दोन गुंठ्यांचे झाले. याच रस्त्याने पुढे चला. ‘लॉन्स’ हा शब्द आपल्या नाशकात गवताचा राहिलाच नाही, तो मंगल कार्यालयाचा झाला. एकरभर लॉन्सला तुमच्याच सूत्राने दिवसाला साडेचौदा हजार लिटर, म्हणजे १०८ माणसांचे पाणी. आणि लग्नसराई नेमकी कधी, तर वैशाखात, धरणाचा तळ वर येऊ लागतो तेव्हा. त्यातला विनोद असा की, वऱ्हाडी येण्यापूर्वी त्या गवतावर जाजम अंथरतात, आणि पुष्कळदा ते जाजमही हिरव्याच रंगाचे असते!”

दादासाहेब मोकळेपणी हसले. पण हार मानण्याचा त्यांचा स्वभाव नव्हे. “जाजमाचा मुद्दा बिनतोड आहे. परंतु मास्तर, आकड्यांचा डोळ्यांना एक भ्रम होतो. तुम्हांला २०१६ सालचा उन्हाळा आठवत असेल. मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला गेली, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर पाणी घेऊन. आणि त्याच एप्रिलमध्ये क्रिकेटच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा मामला मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. ६० लाख लिटरचा आकडा सर्वत्र गाजला, आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा हुकूम झाला. लातूरच्या गाडीच्या बारा खेपा होतील एवढे पाणी खेळासाठी, असे म्हटले की कोणाचाही जीव कळवळेल. आता तेच पाणी शेतावर मोजा. आपल्याकडे उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून कमी पाणी लागत नाही. एका एकराला ८० लाख लिटर. म्हणजे ज्या ६० लाख लिटरसाठी सारा देश हळहळला, त्यात उसाचा एक एकरसुद्धा भिजला नसता. आणि मैदानांसाठी पिण्याचे पाणीच हवे होते असेही नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून सांडपाणी शुद्ध करून देण्याची तयारी त्याच सुनावणीत दाखविली गेली. आपल्या महापालिकेचीही तपोवनाला आणि आगरटाकळीला मलजलशुद्धीकरण केंद्रे आहेत. गवताला गंगापूर धरणाचेच पाणी हवे, असा त्याने कधी हट्ट धरलेला नाही.”

“तुमचा हिशेब चुकत नाही, दादासाहेब,” मास्तर गंभीरपणे म्हणाले, “पण हिशेबाला लाज नसते, ती माणसाला असावी लागते. उसाचे पाणी मला मान्य आहे असे समजू नका. पण उसामागे एका खातेदाराचे वर्षभराचे पोट असते. मैदानाच्या पाण्याने माणसे चिडली ती लिटर मोजून नव्हे. दाराशी हंडे रांगेत लावलेल्या माणसाला दूरदर्शन संचात कारंजासारखे फवारे दिसले, म्हणून चिडली. पाण्याच्या वाटपात जेवढे मोजण्याचे असते, तेवढेच दिसण्याचेही असते. आपल्याच मोसम आणि गिरणेच्या खोऱ्यांतली जुनी फड पद्धत घ्या. बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला, कोणत्या पाळीला, किती वेळ जाणार, ते पाटकरी सर्वांच्या डोळ्यांदेखत पाहत असे. त्यात कोणाचे कमी-अधिक झाले तरी चोरीचा संशय राहत नसे. आणि आज? २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटप आले, जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न आला की नाशिक-नगरचे लोक कोर्टात जातात, मराठवाडा कोर्टात जातो. एकाच गोदावरीची लेकरे थेंबाथेंबासाठी वकील देतात. आणि तिच्या उगमापासून तासाभराच्या वाटेवर आपण फरशीच्या सांध्यातून तिला गटारात सोडतो! हा ओघळ पैठणच्या माणसाला दाखवाल काय?”

या प्रश्नावर कोणीच बोलले नाही. माळ्याने मात्र न सांगता नळ बंद केला.

शांततेत मला माझी एक शंका विचारण्याची संधी मिळाली. “गवत पिवळे पडते ते काही केवळ उन्हाळ्यात नव्हे. गेल्या पौषातही पडले होते. तेव्हा तक्रारी आल्या म्हणून मी माळ्याला आणखी तासभर पाणी द्यायला सांगितले होते, तरी ते हिरवे झाले नाही.”

दादासाहेबांनी कपाळावर हात मारला. “अहो, निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर येतो त्या दिवसांत हरळी झोपते! रात्रीचे तापमान दहाच्या खाली गेले की या उष्ण देशच्या गवताचा रंग उतरतो. तहानेने नव्हे, थंडीने. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला तुम्ही घोंगडी द्याल की आणखी एक तांब्या पाणी पाजाल? पौषात बाष्पीभवन उन्हाळ्याच्या निम्म्यावर आलेले असते, आणि नेमके तेव्हाच तुम्ही पाणी वाढविले. पिवळा रंग दिसला की नळ सोडायचा, हा शिरस्ता जोवर मोडत नाही, तोवर कोणतेही धरण पुरणार नाही.”

माझी शंका निघाल्यापासून मास्तर गप्प होते. त्यांनी तो उपटलेला झुबका हातात घेतला, अंगठ्याने त्याची माती झाडली, आणि शुभ्र, पेरापेरांचे एक टोकदार खोड नखाने मोकळे केले. “ही काशी,” ते म्हणाले. आणि त्यांचा आवाज निराळा झाला. “मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या वडिलांच्या एका वावरात हरळी माजली होती. उन्हाळी सुटीत आम्हां भावंडांना एकच काम. नांगरामागून चालायचे आणि ढेकळांतून या काश्या वेचायच्या. पाय भाजत, बोटांची टोके सोलून निघत. वेचलेल्या काश्यांचा ढीग बांधावर घालायचा. वैशाखाच्या उन्हात त्या सुतळीसारख्या वाळत, हाताने मोडल्या तर कडकन् आवाज होई. वडील म्हणत, यंदा निर्वंश झाला. आणि मृगाचा पाऊस पडला की आठ दिवसांत, ढेकळांच्या पोटात राहिलेल्या आणि आमच्या नजरेतून सुटलेल्या बोटबोटभर तुकड्यांतून सारे वावर पुन्हा हिरवे! थेंबभर पाणी नाही, सावली नाही, वरून नांगर, आणि माणसांचे हाडवैर. तरी ती मेली नाही. जिला मारण्यासाठी आम्ही जन्म घातला, तिला जगविण्यासाठी आमच्या चिटणिसांनी तीन तासांचा माळी ठेवावा, हे ऐकायला माझे वडील हवे होते.”

“मास्तर,” दादासाहेब हलकेच म्हणाले, “तासभर मी आकडे सांगतो आहे, त्यांतले अर्धे तुमच्या या एका गोष्टीने सांगितले. हरळीला जगण्यासाठी आपल्या पाण्याची गरज नाही. नाशिक शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, जवळपास सारा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यावर ती फोफावते, पुढे ओल सरत गेली की पाने वाळवून काशीत दडून बसते आणि मृगाला उठते. आपण पाणी देतो ते जीवासाठी नव्हे, रंगासाठी. डाळिंबवाल्याला हे शिकवावे लागत नाही. तो बहार धरण्यापूर्वी झाडाला मुद्दाम ताण देतो, पाने गळेतोवर पाणी तोडतो, आणि झाड मरेल म्हणून त्याची छाती धडधडत नाही. तोच शेतकरी शहरात बंगला बांधतो, तेव्हा दारातल्या गवताचे एक पान पिवळे झालेले त्याला सोसत नाही.”

“मग बंद करायचा ना नळ?”

“पूर्ण नव्हे. पूर्ण सुकू दिले तर ते जगेल, हे खरे. पण त्या अवस्थेत ते वाढत नाही, आणि जे वाढत नाही, ते झिजले तर भरून येत नाही. माझी तजवीज अशी. गरजेच्या निम्मे पाणी द्यावे, पण रोज नव्हे. आठ दिवसांचे एकदम, पहाटे, वारा पडलेला असताना. गंमत पाहा, आठ दिवसांचे निम्मे पाणी म्हणजे सुमारे एकोणतीसशे लिटर. माळी आज रोज जेवढे ओततो, जवळजवळ तेवढेच आठवड्यातून एकदा! तेही दोन हप्त्यांत, मध्ये तासभर थांबून, म्हणजे जमीन पिईल आणि ओघळ निघणार नाही. कापणीही थोडी उंच ठेवावी. वर पान राहिले तर खाली मूळ राहते.”

“मला हे मान्य नाही,” मास्तर म्हणाले.

“मला तुमचे मान्य नाही,” दादासाहेब म्हणाले.

शेवटी, न्यायाधीशाला निवाडा करता आला नाही की तो जसा पाहणीचा हुकूम देतो, तसा मी दिला. हिरवळीच्या मधोमध दोन खुंट्या ठोकून सुतळी बांधण्यात आली. पूर्वेकडचा एक गुंठा दादासाहेबांचा; त्याला आठवड्यातून एकदा दीड तास पाणी. पश्चिमेकडचा मास्तरांचा, त्याला मृगापर्यंत थेंबही नाही. दादासाहेबांनी आपल्या भागात पाणी सर्वत्र सारखे पडते की नाही हे पाहण्यासाठी माझ्या घरून सहा वाट्या मागविल्या आणि लगेच परत केल्या, कारण वाटी तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद असल्यामुळे तिच्यातली पाण्याची उंची खोटे बोलते. मग सरळ काठांच्या सहा डब्या गोळा करून त्यांनी त्या गवतावर मांडल्या, आणि प्रत्येक पाळीनंतर ते पट्टी घेऊन त्यांत वाकून पाहू लागले.

तीन आठवड्यांत मास्तरांचा गुंठा गव्हाच्या काडाच्या रंगाचा झाला. दादासाहेबांचा हिरवा राहिला. पूर्वीचा गर्द नव्हे, किंचित राखी झाक असलेला, आणि चालून गेल्यावर पावलाचा ठसा घटकाभर तसाच राहील असा. मला वाटले, आता तळमजल्याचे अर्ज येतील. अर्ज आले नाहीत; आली ती मुले. शाळांना सुटी लागली होती, आणि मुलांनी आपल्यापुरता एक निर्भेळ तर्क बसविला होता की, पाटी हिरवळीची आहे, आणि पश्चिमेकडे हिरवळच उरलेली नसल्यामुळे तेथे पाटीचा अंमल चालत नाही. पहाटे सहापासून दिवेलागणीपर्यंत त्या पिवळ्या गुंठ्यावर क्रिकेट रंगू लागले. सुतळीच्या अलीकडे मात्र माळी कोणाला फिरकू देईना, कारण त्याच्या मते ती हिरवळ दादासाहेबांची होती.

मृगाने यंदा फार वाट पाहायला लावली नाही. पहिल्या चांगल्या सरीनंतर दहाव्या दिवशी आम्ही तिघे पुन्हा सुतळीपाशी उभे राहिलो, आणि ती नसती तर कोणता गुंठा कोणाचा, हे शपथेवर सांगता आले नसते. काश्यांनी मास्तरांच्या बालपणीची गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा सांगितली होती. भेद होता तो एवढाच की, मास्तरांच्या गुंठ्यात मुलांनी जेथे यष्टी रोवल्या होत्या आणि जेथून ती चेंडू टाकीत होती, तेथे तेथे हातभर लांबीचे टक्कल पडले होते, आणि त्यात एक कोंबही नव्हता. तर दादासाहेबांच्या गुंठ्यात, कोणी पाऊलच न ठेवल्यामुळे, कोठेही खोट नव्हती.

“पाहिलेत?” दादासाहेब म्हणाले. “झोपलेले गवत तुडवले की ते भरून येत नाही. पाणी द्यायचे ते यासाठी.”

“पाहिले,” मास्तर म्हणाले. “आणि तुम्हीही एक पाहा. जेथे तुम्ही पाणी दिलेत, तेथे महिनाभर कोणी तुडवलेच नाही. ज्या गुंठ्याला झीज होती त्याला पाणी नव्हते, आणि ज्याला पाणी होते त्याला झीज नव्हती.”

दादासाहेब थोडा वेळ त्या टकलाकडे, थोडा वेळ त्या निष्कलंक गुंठ्याकडे पाहत राहिले, आणि हिशेबातली चूक सापडलेल्या माणसाच्या प्रामाणिकपणाने म्हणाले, “म्हणजे मी बाष्पीभवन मोजले, माती मोजली, पण पावले मोजायची राहिली.”

पंचांगातील तिथीखेरीज त्या दोघांचे एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा, आणि तो वाया जाऊ नये म्हणून त्यातून निघालेला निर्णय मी येथे नमूद करून ठेवतो. उष्ण देशातल्या हिरवळीला पाणी द्यायचे ते पायांसाठी द्यावे, डोळ्यांसाठी नव्हे. ज्या मैदानाला नाशिककर अजून ‘गोल्फ क्लब’ म्हणतात, पण ज्याचे खरे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, तेथे रणजीचे सामने होतात आणि मुले घोट्याएवढी धूळ उडवीत धावतात. तेथल्या गवताला मापून दिलेले पाणी कोणी नाकारू नये. परंतु रस्त्याच्या दुभाजकावर, बंगल्याच्या फाटकाआत, किंवा जाजमाखाली जे गवत केवळ हिरवे दिसण्यासाठी वैशाखभर पाणी पिते, त्याला निर्धास्तपणे पिवळे होऊ द्यावे. ते मरणार नाही, मृगाला उठेल. दुष्काळी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ते मारण्याचे सर्व उपाय करून पाहिले होते.

यंदापासून आमच्या वसाहतीत सबंध दोन गुंठ्यांना आठवड्यातून एकदाच पाणी दिले जाते, आणि तेही मुलांना सुटी असते त्या दोन महिन्यांत. माळ्याच्या उरलेल्या वेळात त्याने कुंपणाशी शेवग्याची दोन झाडे लावली आहेत. पाटी मी उपटविली. मास्तर म्हणाले तसे, पाणी पायांसाठी म्हणून द्यायचे आणि पायांनाच मज्जाव करायचा, हे एकाच दप्तरात बसत नाही. ती सध्या कार्यालयातील कपाटामागे उभी आहे, आणि पुढील चिटणिसाला ताबा देताना चल मालमत्तेच्या यादीत तिच्यासमोर काय शेरा लिहावा, एवढाच प्रश्न आता उरला आहे.